सहावी ते आठवीतील जागतिक भाषा आणि सांस्कृतिक भान : प्रस्तावना

जागतिक भाषांचे अध्यापन म्हणजे विद्यार्थ्याच्या घरी न बोलली जाणारी आणि त्याच्या शाळेचे माध्यम नसलेली भाषा वर्गात पद्धतशीरपणे शिकवणे. या भाषांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, रशियन या आज बोलल्या जाणाऱ्या परकीय भाषा एका गटात येतात. दुसऱ्या गटात संस्कृत, पाली, लॅटिन, अवेस्ता या ग्रंथांसाठी शिकल्या जाणाऱ्या अभिजात भाषा येतात. फारसी आणि अरबी दोन्हीकडे बसतात. सांस्कृतिक भान ही या अध्यापनाची दुसरी बाजू. दुसरा समाज कसा जेवतो, कसा नमस्कार करतो, कशाला पवित्र मानतो, कशावर हसतो हे समजून घेणे आणि ते समजून घेताना आपल्याही चालीरीतींकडे नव्याने पाहता येणे, असा त्याचा अर्थ.

सहावी ते आठवी हा टप्पा २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘उच्च प्राथमिक’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील ५+३+३+४ या रचनेत तो तिसरा, म्हणजे मधला टप्पा आहे. मुलांचे वय अकरा ते चौदा. या वयापर्यंत घरची भाषा पक्की झालेली असते, दोन लिपी हाताखालून गेलेल्या असतात आणि व्याकरणाचा नियम सांगितला तर तो कळण्याइतकी समज आलेली असते. दहावीचे ओझे अजून दोन ते चार वर्षे लांब असते.

वयाचा प्रश्न

‘भाषा जितक्या लवकर तितकी चांगली’ हे मत पालकांत घट्ट रुजलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. चोवीस तास नवी भाषा कानावर पडत असेल, तर लहान मूल उच्चारात आणि अखेरच्या प्रावीण्यात पुढे जाते. शाळेत आठवड्याला दोन-तीन तासिका मिळत असतील, तर गोष्ट वेगळी होते. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांवर कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-हूले यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वयाची मुले. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या शाळकरी मुलांची तुलना केली. शिकवण्याचे तास सारखे धरले, तर उशिरा सुरू केलेली मुले मागे पडली नाहीत, बहुतेक चाचण्यांत ती पुढेच राहिली. तेव्हा शाळेत नवी परकीय भाषा सुरू करण्यासाठी सहावी हा उशीर नव्हे.

एका वाडीतले भाषांचे जग

या विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. मुंबईतल्या गिरगाव आणि काळबादेवी यांच्या सांध्यावरची फणसवाडी घेतली तरी पुरेसे आहे. एका बाजूला ठाकुरद्वार आणि चिराबाजार, दुसऱ्या बाजूला कावेल आणि त्यापलीकडे धोबीतलाव. वाडीत दाक्षिणात्य धाटणीचे वेंकटेश मंदिर आहे. ते ज्या रामानुजीय वैष्णव परंपरेतले आहे, तिच्यात संस्कृत वेदांच्या बरोबरीने आळवार संतांच्या तमिळ दिव्यप्रबंधाला मान आहे. कावेल ही जुन्या ख्रिस्ती रहिवाशांची वस्ती. धोबीतलावच्या परिसरात बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांचे ‘कूड’, म्हणजे सामाईक निवास, उभे राहिले आणि त्यांबरोबर कोकणी आली. गिरगावातल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांची आपली मराठी बोली टिकून राहिली. काळबादेवीच्या पेढ्यांवर गुजराती आणि मारवाडी, इराण्यांच्या हॉटेलांत फारसी बोलली गेली. मराठी चाळींनी या सगळ्यांना शेजार दिला.

याच फणसवाडीत दादीशेठ आतश बेहराम हे पारशी अग्निमंदिर आहे. १७८३ मध्ये स्थापन झालेले हे मुंबईतील चार आतश बेहरामांपैकी सर्वांत जुने. त्याच्या पहिल्या दस्तुरांची, म्हणजे मुख्य धर्मगुरूंची, कहाणी भाषाशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पारशी समाजात कालगणनेवरून कदमी आणि शहेनशाही असा वाद पेटला होता. इराणमधल्या जरथुष्ट्री धर्मगुरूंकडून त्याचा खुलासा मिळवण्यासाठी भरूचचे मुल्ला काऊस १७६८ मध्ये इराणला गेले. बरोबर त्यांचा दहा वर्षांचा मुलगा होता. यझ्द, केरमान, इस्फहान, बगदाद असा प्रवास आणि मुक्काम करत हा मुलगा फारसी, अरबी आणि धर्मग्रंथ शिकला आणि १७८० मध्ये परतला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. वडील फणसवाडीच्या आतश बेहरामाचे पहिले दस्तुर झाले आणि पुढे त्या जागी तोच बसला. मुल्ला फिरोज म्हणून ओळखला गेलेला हा विद्वान १८३० मध्ये वारला. त्याचा ग्रंथसंग्रह आज मुंबईच्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आजच्या हिशेबाने तो घर सोडून निघाला तेव्हा पाचवीच्या वयाचा होता. त्याने भाषा शिकली ती माणसांत राहून, ग्रंथ वाचून आणि एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या निमित्ताने. भाषा, संस्कृती आणि हेतू या तीन गोष्टी तिथे एकत्र होत्या. शाळेतल्या भाषाशिक्षणाची अडचण बहुतेक वेळा त्या सुट्या पडण्यातच असते.

मुंबईच्या शाळांतील दुसरी भाषा

एकोणिसाव्या शतकात मुंबईत नवे शिक्षण सुरू झाले, तेव्हा अनेक भाषा येणे ही विद्वत्तेची खूण होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, ते मराठी आणि इंग्रजी असे शेजारी-शेजारी स्तंभ घेऊनच. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिकच्या परीक्षेला इंग्रजीबरोबर दुसरी भाषा घ्यावी लागू लागली आणि संस्कृत, फारसी, लॅटिन अशा भाषांचे शालेय वर्ग उभे राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६० च्या दशकात लिहिलेली ‘मार्गोपदेशिका’ आणि तिचा पुढचा भाग ही संस्कृतची पाठ्यपुस्तके या गरजेतूनच आली. धडा, त्याखाली शब्द, मग दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्ये, ही मांडणी पुढे शंभर वर्षे टिकली. इंग्रजीसाठी मराठी घराघरांत पोहोचलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही याच घडणीची. गिरगावात वाडा असलेल्या नाना जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी सुरू झालेली शिष्यवृत्ती पिढ्यानपिढ्या मानाची मानली गेली. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली.

या इतिहासाची दुसरी बाजूही शिक्षकाला माहीत हवी. परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेऊ दिले गेले नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्याला ती शिकवायची नाही, हे त्यामागचे कारण. त्यांनी फारसी घेतली आणि १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर संस्कृत शिकून घेतले, जर्मन आणि फ्रेंच अभ्यासली, पालीचा सखोल अभ्यास केला. कोणती भाषा शिकायची, हा निर्णय शाळेत कधीच निव्वळ आवडीचा नव्हता. जात, धर्म आणि पैसा यांनी तो ठरवला आहे. जागतिक भाषांचा कोणताही कार्यक्रम आखताना ही नोंद समोर ठेवावी लागते.

भाषांतून समाज जोडण्याचा विचार महाराष्ट्रात स्वतंत्रपणे मांडला तो साने गुरुजींनी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक राहिलेल्या गुरुजींनी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळशी ओळख करून घेतली आणि तिरुक्कुरळ मराठीत आणले. भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि एकमेकांच्या घरी राहावे, ही त्यांची ‘आंतरभारती’ची कल्पना. आजच्या परिभाषेत ज्याला आंतरसांस्कृतिक शिक्षण म्हणतात, त्याचा तो देशी पाया आहे.

धोरणाची चौकट

स्वातंत्र्यानंतर शाळेतील भाषांची संख्या आणि क्रम त्रिभाषा सूत्राने ठरवला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याला सुधारित रूप दिले आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते स्वीकारले. महाराष्ट्रातील मराठी माध्यमात इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. २००० पासून ती पहिलीपासून आली. हिंदी पाचवीपासून आणि संस्कृत, पूर्ण किंवा हिंदीशी जोडलेले ‘संयुक्त’, आठवीपासून अशी घडी बसली. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तिची सुरुवात पहिली आणि सहावी या दोन इयत्तांपासून झाली.

परकीय भाषेला या चौकटीत जागा किती, याचे सर्वांत बोलके उदाहरण केंद्रीय विद्यालयांतले आहे. २०११ मध्ये झालेल्या करारानुसार गोएथे इन्स्टिट्यूटच्या मदतीने या शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवली जाऊ लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष अर्धे सरले असताना, त्रिभाषा सूत्रात परकीय भाषा बसत नाही म्हणून तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. देशभरातील सुमारे ७० हजार विद्यार्थ्यांना तो लागू होता. पुढे जर्मन अतिरिक्त विषय म्हणून राहिली. जर्मन बरी की संस्कृत बरे, हा वाद त्या वेळी गाजला. वर्गाच्या बाजूने पाहिले तर मुख्य प्रश्न वेगळा होता : मुलांनी सुरू केलेली भाषा तीन वर्षे तरी सलग मिळेल, याची हमी कोणी द्यायची?

२०२० च्या धोरणाने परकीय भाषांची यादी दिली ती माध्यमिक स्तरासाठी. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन. शिकायच्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात, असेही त्यात आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून सुरू होते. मधल्या टप्प्यासाठी धोरणात आणखी एक तरतूद आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सहावी ते आठवीत कधीतरी प्रत्येक विद्यार्थ्याने ‘भारताच्या भाषा’ या विषयावर एक आनंददायी प्रकल्प करावा, असे तिथे म्हटले आहे. भाषांमधली साम्ये, त्यांची कुळे, लिपी, एकमेकींकडून घेतलेले शब्द आणि रोजची काही वाक्ये असा त्याचा आवाका. सांस्कृतिक भानाची सुरुवात करायला ही तरतूद पुरेशी आहे.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याच्या शासननिर्णयांवर मोठे वादळ उठले. १६ एप्रिलचा निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे घेणे, असा तो क्रम. सुधारित निर्णयात दुसरी भारतीय भाषा निवडण्याची मुभा होती, पण त्यासाठी वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत अशी अट होती. विरोधाचा रोख मुख्यतः पहिलीपासूनच्या सक्तीवर होता. तिसऱ्या भाषेची योग्य जागा वरच्या प्राथमिक वर्गांत आहे, हा मुद्दा त्या चर्चेत अनेक शिक्षणतज्ज्ञांनी मांडला.

आज उपलब्ध असलेले मार्ग

भाषांच्या बाबतीत मुंबई गरीब नाही. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. राज्य मंडळाच्या दहावीच्या भाषांत फ्रेंच, जर्मन, रशियनबरोबर पाली, अर्धमागधी, फारसी, अरबी आणि अवेस्ता-पहलवी यांनाही जागा आहे. शाळेबाहेर काळा घोड्याचे मॅक्स म्युलर भवन जर्मनसाठी आणि आलियाँस फ्राँसेझ फ्रेंचसाठी अनेक दशके काम करत आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आणि जपानीच्या शिक्षकांची भक्कम परंपरा आहे. आंतरराष्ट्रीय मंडळांच्या खासगी शाळांत परकीय भाषा अभ्यासक्रमाचा नेहमीचा भाग असते. याचा अर्थ सरळ आहे. ज्याला फी परवडते, त्याला सहावीत फ्रेंच मिळते. गिरगावातल्या पटसंख्या घटत चाललेल्या मराठी शाळेतल्या मुलाला ती मिळत नाही.

ही दरी भरून काढता येते, याचे उदाहरण छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या गाडीवाट गावाने दाखवले. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना कोणती परकीय भाषा शिकायची, असे विचारले. रोबोटिक्स आणि तंत्रज्ञानाची ओढ असलेल्या बहुतेक मुलांनी जपानी निवडली. पुस्तके नव्हती, शिक्षक नव्हता. इंटरनेटवरच्या साहित्यापासून सुरुवात झाली आणि पुढे एका जाणकाराने ऑनलाइन वर्ग विनामूल्य घेतले. भाषा मुलांनी निवडली आणि निवडण्यामागे त्यांचे स्वतःचे कारण होते, म्हणून तो वर्ग चालला.

मराठीच्या पायावर नवी भाषा

परकीय भाषा इंग्रजीच्या आधारे शिकवण्याची सवय आपल्या शाळांत आहे. मराठी मुलासाठी ती अनेकदा लांबचा वळसा ठरते, कारण मराठीत आधीच असलेल्या गोष्टी इंग्रजीत नाहीत. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगे आहेत, मराठीतही तो, ती, ते अशी तीन आहेत. निर्जीव वस्तूला लिंग असते हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. लिंग प्रत्येक भाषेत वेगळे पडते, एवढेच लक्षात आणून द्यावे लागते. सूर्य मराठीत पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. जर्मन भाषेत ओळखीच्यासाठी ‘डू’ आणि परक्या वा मानाच्या व्यक्तीसाठी ‘झी’. आजोबांना ‘तुम्ही’ आणि मित्राला ‘तू’ म्हणणाऱ्या मुलाला त्यातला भाव लगेच कळतो. मराठीत आईला ‘तू’ आणि वडिलांना अनेक घरांत ‘तुम्ही’ म्हणतात, जर्मन मूल दोघांनाही ‘डू’ म्हणते. इथे व्याकरणाचा तास आपोआप कुटुंबपद्धतीच्या चर्चेकडे वळतो.

जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि शब्दयोगी नामाच्या मागून लागतात, अगदी मराठीप्रमाणे. ‘मी शाळेत जातो’ हे वाक्य जपानीत शब्दाला शब्द ठेवून जवळजवळ त्याच क्रमाने बसते. उच्चारांतही मराठीची मदत होते. ‘चमचा’ मधला दंततालव्य च जर्मन ‘त्सायट’ आणि जपानी ‘त्सुनामी’ मधल्या ध्वनीपर्यंत सरळ पोहोचवतो. संख्यांत तर साम्य विलक्षण आहे. पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस, जर्मनमध्येही आधी पाच, मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. जर्मनीतही आकडे उलटे वाचण्याच्या पद्धतीविरुद्ध चळवळ आहे. सातवीच्या वर्गात हे दोन्ही वाद समोर ठेवले, तर गणित, भाषा आणि समाज एकाच तासिकेत येतात.

भाषांतराची जुनी पद्धत टाकाऊ नाही. शब्दसंग्रह आणि अचूकपणा यांसाठी ती आजही उपयोगी आहे. तिच्यात उणीव आहे ती बोलण्याची आणि ऐकण्याची. १९७० नंतर युरोपात संवादकेंद्री पद्धत पुढे आली. इंग्लंडमध्ये एरिक हॉकिन्स यांनी १९८४ मध्ये ‘भाषाभान’ हा स्वतंत्र विषय मांडला. मुलाने एक परकीय भाषा शिकण्यापूर्वी भाषा ही चीज कशी चालते, हे अनेक भाषांच्या नमुन्यांवरून पाहावे, हा त्याचा गाभा. बहुभाषिक वस्तीतल्या शाळेला हा विचार विशेष मानवतो, कारण नमुने वर्गातच बसलेले असतात.

सांस्कृतिक भान म्हणजे काय शिकवायचे

परकीय संस्कृतीचा तास पुष्कळदा खाद्यपदार्थ, पोशाख आणि प्रसिद्ध इमारती यांवर संपतो. स्नेहसंमेलनात एका गटाने किमोनो घालायचा, दुसऱ्याने आयफेल टॉवरचे चित्र काढायचे. यात मजा आहे, भान नाही. मायकल बायरम यांनी १९९७ मध्ये या क्षेत्राची मांडणी पाच अंगांनी केली : दुसऱ्याविषयी कुतूहल आणि मोकळेपणा, समाजांविषयी ज्ञान, एखादा मजकूर वा प्रसंग समजून त्याची आपल्याकडच्याशी तुलना करण्याचे कौशल्य, माणसांशी बोलून नवे शोधण्याचे कौशल्य आणि दोन्ही संस्कृतींकडे चिकित्सकपणे पाहण्याची दृष्टी. अमेरिकेतील परकीय भाषा शिक्षकांच्या १९९६ च्या मानकांतही संवाद, संस्कृती, इतर विषयांशी सांधा, तुलना आणि समाज असे पाच घटक सांगितले आहेत.

हे फणसवाडीत कसे उतरेल, ते एका पाठावरून पाहता येईल. सहावीच्या वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एक गल्ली द्यावी. वहीत चार रकाने : पाटीवरची लिपी, भाषा, पाटी कशाची (दुकान, देऊळ, जाहिरात, सूचना) आणि ती कोणी वाचावी म्हणून लावलेली आहे. दुसऱ्या तासिकेला फळ्यावर सगळ्यांची नोंद एकत्र करावी. मग शिक्षकाने प्रश्न विचारायचे. कोणती भाषा मोठ्या अक्षरांत आहे? देवळाच्या पाटीवर जी लिपी आहे ती दुकानावर का नाही? दुकानांच्या मराठी पाट्यांविषयी २०२२ मध्ये राज्याने कायद्यात बदल केला, तो का करावा लागला? तिसऱ्या तासिकेला प्रत्येक मुलाने शेजाऱ्याकडून एका भाषेतली अभिवादनाची आणि निरोपाची वाक्ये शिकून यावीत आणि वर्गाला शिकवावीत. त्यानंतर जर्मन किंवा जपानीतले तेच छोटे संभाषण घ्यावे. एव्हाना मुलांना कळलेले असते की अभिवादनात शब्दांइतकेच वय, नाते आणि प्रसंग बोलत असतात.

याच वाडीत सांस्कृतिक भानाचा एक अवघड धडाही आहे. वेंकटेश मंदिरात मुले जाऊन येऊ शकतात. आतश बेहरामात पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. बाहेर उभे राहून इमारत पाहायची, तिचा इतिहास वाचायचा, कदमी आणि शहेनशाही वर्षारंभ वेगवेगळ्या दिवशी का येतात हे शोधायचे, पण आत जाण्याचा हट्ट धरायचा नाही. ‘आम्हांला का नाही?’ हा प्रश्न मुले विचारणारच. शिक्षकाने तो टाळू नये. आपल्या समाजात कोणासाठी कोणती दारे बंद होती आणि आहेत, स्वतःपुरती धार्मिक मर्यादा पाळणे आणि दुसऱ्याचा हक्क नाकारणे यांत फरक काय, ही चर्चा आठवीच्या वर्गाला झेपते. मंदिरप्रवेशाचा इतिहास नागरिकशास्त्रात असतोच.

वेळ, मूल्यमापन आणि शिक्षक

अपेक्षा वेळेच्या हिशेबाने ठेवाव्यात. आठवड्याला ३५ मिनिटांच्या तीन तासिका आणि वर्षात ३६ आठवडे अध्यापन धरले, तर वर्षाला ६३ तास मिळतात, तीन वर्षांत १८९. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-चौकटीत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या आहेत. एवढ्या तासांत ए-१ व्यवस्थित पूर्ण होते आणि ए-२ कडे वाटचाल होते. स्वतःची ओळख देणे, रस्ता विचारणे, साधे पत्र लिहिणे, लहान गोष्ट वाचणे इतके मुलाला यावे. आठवीअखेर मूल अस्खलित बोलेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर पालकांनी ते मनावर घेऊ नये.

मूल्यमापनाचा घोळ ‘स्कोअरिंग’ या शब्दात आहे. दहावीत संस्कृत किंवा परकीय भाषा घेतली की टक्केवारी वाढते, या हिशेबाने भाषा निवडल्या जातात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. मधल्या टप्प्यात हा धोका टाळता येतो, कारण इथे आकारिक मूल्यमापनाला भरपूर वाव आहे. तोंडी संभाषण, मुलाखतीची नोंद, पाट्यांचे सर्वेक्षण, दोन भाषांतली तुलना आणि मुलाने स्वतः ठेवलेली भाषावही यांवर गुण द्यावेत. लेखी परीक्षेचा वाटा निम्म्याहून कमी असावा.

सर्वांत कच्चा दुवा शिक्षकाचा. परकीय भाषेचे शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर नेमले जातात, वर्षाअखेरीस जातात आणि नवीन शिक्षक पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक कायम शिक्षक नेमणे, मराठी किंवा इतिहासाच्या शिक्षकाला भाषाभानाच्या पाठांची तयारी देणे आणि भाषा संस्थांशी तीन वर्षांचा करार करणे, हे उपाय फार खर्चिक नाहीत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनकडे नोकरीच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. प्रौढांसाठी ते रास्त आहे. अकरा वर्षांच्या मुलासाठी रोजगार हे भाषेचे पहिले कारण होऊ शकत नाही.

मराठी ही दुसऱ्यांची परकीय भाषा

जगात काही ठिकाणी हाच विषय उलट्या बाजूने दिसतो. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांची मुले घरी क्रेओल बोलतात आणि सरकारी शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकतात. त्यासाठीचे काम मोका येथील महात्मा गांधी संस्था करते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा भारती विद्यापीठाच्या सहकार्याने अभ्यासक्रम आणि परीक्षा चालवतात. तिथल्या शिक्षकांना ‘तो-ती-ते’ आणि ‘ळ’ परक्या मुलाला शिकवण्याचा जो अनुभव आहे, तो महाराष्ट्रातील अमराठी माध्यमांच्या शाळांत सक्तीची मराठी शिकवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की सहावी ते आठवीत कोणती नवी भाषा आणायची हा प्रश्न शाळेने शेवटी घ्यावा. आधी तीन गोष्टी ठरवाव्यात : परिसरातल्या भाषांचा अभ्यास सहावीच्या पहिल्या सत्रात होईल का, निवडलेली भाषा तीनही वर्षे त्याच शिक्षकाकडून मिळेल का आणि ती वर्गातल्या प्रत्येक मुलाला, वेगळी फी न घेता, मिळेल का. या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर जर्मन, जपानी, फारसी किंवा तमिळ यांपैकी कोणतीही भाषा चालेल. एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर शाळेने त्या वर्षी नव्या भाषेची घोषणा करू नये. ‘भारताच्या भाषा’ हा प्रकल्प मनापासून करावा आणि बाकीची तयारी पुढच्या वर्षासाठी ठेवावी.